वयस्कांचा देश, नव्या उद्योगांचा दुष्काळ

कारखाना बंद पडला की त्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. मालाला गिऱ्हाईक उरलेले नसते, कर्जाचा बोजा वाढलेला असतो, कच्चा माल महागलेला असतो किंवा मालक आणि कामगार यांचे बिनसलेले असते. जपानमध्ये मात्र गेली काही वर्षे यांपैकी एकही कारण नसताना कारखाने आणि दुकाने बंद पडत आहेत. यंत्रे चालू स्थितीत आहेत, मागणी आहे, वर्षाअखेर हाती नफाही उरतो. पण मालकाने सत्तरी ओलांडली आहे आणि किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, हा प्रश्न सुटलेला नाही. २०२४ या एका वर्षात दिवाळे न निघता आपणहून व्यवहार गुंडाळणाऱ्या जपानी व्यवसायांची संख्या साठ हजारांच्या वर गेली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे नफ्यात होते. तेथील सरकारने काही वर्षांपूर्वीच एक अंदाज बांधला होता. २०२५ सालापर्यंत लहान व मध्यम उद्योगांच्या मालकांपैकी सुमारे २४ लाख ५० हजार जण सत्तरीच्या पुढे गेलेले असतील आणि त्यांतील निम्म्यांना, म्हणजे सुमारे १२ लाख ७० हजारांना, वारस ठरलेला नसेल, असा तो अंदाज होता. काहीच उपाय झाला नाही तर ६५ लाख लोकांचा रोजगार आणि २२ लाख कोटी येनचे उत्पन्न देश गमावील, असेही त्यात म्हटले होते.

जुनी दुकाने मिटतात यात तसे नवल नाही. त्यांच्या जागी नवी उघडत असली तर देशाचे फारसे बिघडत नाही. जपानची खरी चिंता ही आहे, की नवी पुरेशी उघडत नाहीत. चालू असलेल्या शंभर व्यवसायांमागे वर्षाला नवे किती निघतात, हे मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. त्या मापाने जपानचा आकडा दीर्घकाळ चार-पाचच्या आसपास रेंगाळत आहे. ब्रिटन आणि अमेरिका या देशांत तो सर्वसाधारणपणे त्याच्या दुप्पट असतो. एके काळी सोनी आणि होंडा यांना जन्म देणाऱ्या देशाची ही स्थिती का व्हावी? अनेक कारणे सांगितली जातात आणि त्यांतील बहुतेकांत तथ्य आहे. परंतु अलीकडच्या काळात अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष एका मूलभूत कारणाकडे वळले आहे. ते म्हणजे लोकसंख्येची वयोरचना. किती माणसे आहेत याइतकेच, ती कोणत्या वयाची आहेत आणि वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, यावर नवे उद्योग निघणे अवलंबून असते, असे हे प्रतिपादन आहे.

यावर कोणीही म्हणेल, यात नवे ते काय? तरुण धाडसी असतात आणि म्हातारे जपून पाऊल टाकतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवेत? परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. किंबहुना ती तशी नाही, हेच या विषयाचे मर्म आहे.

युद्धोत्तर जपानकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत त्या उद्ध्वस्त देशात सुमारे ८० लाख मुले जन्मली. या पिढीला पुढे ‘दानकाई’, म्हणजे गोळ्यासारखी एकत्र आलेली पिढी, असे नाव पडले. १९४७ साली जपानी स्त्रीला सरासरी साडेचार मुले होत. अवघ्या दहा वर्षांत हा आकडा दोनवर आला. इतक्या झपाट्याने जन्मदर खाली आल्यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. पोसावयाची लहान मुले कमी, सांभाळावयाचे वृद्ध त्याहून कमी आणि कमावत्या वयात पाऊल टाकणाऱ्यांची मात्र लाट. १९५४ सालापासून ईशान्येकडील आओमोरीहून तोक्योच्या उएनो स्थानकापर्यंत खास आगगाड्या सुटू लागल्या. त्यांत असत ते नुकतीच शाळा संपवून नोकरीसाठी शहराकडे निघालेले पंधरा-सोळा वर्षांचे मुलगे आणि मुली. मालक लोक त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. बड्या कंपन्यांत शिरकाव नसलेली ही मुले लहान कारखान्यांत आणि दुकानांत लागली. यंत्रावर हात बसला, गिऱ्हाइकाशी बोलणे जमले, हिशेब कळू लागला, की दहा-पंधरा वर्षांनी त्यांतील अनेक जण स्वतःची दोन यंत्रे घेऊन शेजारच्या गल्लीत बसत. तोक्योच्या ओता विभागात अशा लहान कारखान्यांची संख्या १९८३ च्या सुमारास नऊ हजारांच्या वर गेली होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे.

येथे जपानी व्यापारातील एका जुन्या चालीचा उल्लेख केला पाहिजे. दुकानाच्या दारावर जो कापडी पडदा असतो त्याला ‘नोरेन’ म्हणतात. दुकानाची पतही त्याच नावाने ओळखली जाते. वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या नोकराला मालक आपला नोरेन ‘वाटून’ देत असे, म्हणजे त्याच नावाने निराळे दुकान थाटण्याची परवानगी आणि प्रसंगी भांडवल व गिऱ्हाईकही देत असे. नोकराचा मालक होण्याची ही वाट होती. परंतु ती चालू राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात. दुकानात खालून नवी मुले येत राहिली पाहिजेत आणि वस्तीत नवे गिऱ्हाईक वाढत राहिले पाहिजे. दोन्ही आटली म्हणजे नोरेन वाटून द्यावयाचा कोणाला, आणि घ्यावयाचा तरी कोणी?

आता त्या काळचे संस्थापक कोण होते ते पाहावे. १९४६ साली सोनीचा पाया घातला गेला तेव्हा अकिओ मोरिता पंचवीस वर्षांचे होते हे खरे. पण त्यांचे भागीदार मासारू इबुका अडतीस वर्षांचे होते. सोइचिरो होंडा यांनी १९४८ साली आपली कंपनी स्थापन केली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तत्पूर्वी मोटारदुरुस्ती व पिस्टन रिंगांचे कारखाने चालवून झाल्यावर. उकळत्या पाण्यात टाकताच शिजणाऱ्या शेवया १९५८ साली बाजारात आणणारे मोमोफुकु आंदो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. कोवळ्या वयाचा आणि उद्योगाचा संबंध असाच तुटपुंजा आहे, हे अमेरिकेतील एका विस्तृत अभ्यासातूनही दिसून आले. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासानुसार तेथे नवी कंपनी काढून माणसे नेमणाऱ्या संस्थापकांचे सरासरी वय सुमारे बेचाळीस भरते. आणि ज्या कंपन्या सर्वांत वेगाने वाढल्या, म्हणजे हजारात एक ठरल्या, त्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय तर पंचेचाळीस होते. महाविद्यालय सोडून गॅरेजमध्ये कंपनी काढणाऱ्या विशीतल्या मुलाची कथा खोटी नाही, पण ती अपवादाची कथा आहे.

मग पेच असा, की उत्तम उद्योजक जर चाळिशीतला असतो, तर चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी भरलेल्या देशात उद्योगांचे पीक यावयास हवे. तसे का होत नाही?

या पेचाचे सर्वांत समाधानकारक उत्तर जेम्स लिआंग, हुई वांग आणि एडवर्ड लेझिअर या तीन अर्थशास्त्रज्ञांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मिळते. (यांतील लिआंग हे नुसते पुस्तकी पंडित नव्हेत, चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक आहेत, आणि तो उद्योग त्यांनी १९९९ साली, तिशीत सुरू केला.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उद्योग काढण्यास दोन प्रकारचे भांडवल लागते. एक कल्पकता आणि उमेद. ती वयाबरोबर ओसरत जाते. दुसरे व्यवहाराचे ज्ञान, म्हणजे माणसांकडून काम करून घेणे, पैशाचा अंदाज बांधणे, सौदा पटवणे, अडचणीत निर्णय घेणे. हे दुसरे भांडवल नुसत्या वयाने वाढत नाही. ते जबाबदारीच्या जागी बसल्याने वाढते. तरुणांची संख्या मोठी असलेल्या समाजात वरच्या जागा अडवून बसलेले ज्येष्ठ थोडे असतात आणि हाताखाली येणारे पुष्कळ असतात. साहजिकच तिशीतल्या माणसाला खात्याचा, विभागाचा, शाखेचा कारभार लवकर मिळतो. वयस्क समाजात याच्या नेमके उलटे घडते. तिशीतला माणूस आपल्याहून मोठ्यांच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या हाती निर्णय येईतो त्याचे केस पिकलेले असतात. म्हणजे त्याच्यापाशी उमेद असते तेव्हा अनुभव नसतो, आणि अनुभव येतो तेव्हा उमेद गेलेली असते. निरनिराळ्या देशांतील उद्योजकतेच्या पाहण्या ताडून पाहून या लेखकांनी असे दाखवले, की देशादेशांच्या मध्यवयांत जो सर्वसाधारण फरक आढळतो तेवढ्याने मध्यवय कमी असले, तर उद्योजकांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या अंशांनी अधिक असते. सरासरी प्रमाणाच्या मानाने ही वाढ सुमारे चाळीस टक्क्यांची आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट त्यांत आहे. वयस्क देशात उद्योजकता घटते ती केवळ तेथे तरुण थोडे असतात म्हणून नव्हे, तर असलेले तरुणही उद्योगास कमी प्रवृत्त होतात म्हणून. हानी संख्येची आहे तशीच ती घडणीचीही आहे. पंचेचाळिशीचा यशस्वी उद्योजक वस्तुतः तिशीत घडलेला असतो. त्या वयात त्याला जे शिकावयास मिळाले नाही, ते पुढे सहसा मिळत नाही.

जपानमध्ये हा परिणाम अधिकच तीव्र व्हावा अशी तेथील नोकरीची रीत आहे. बड्या कंपनीत एकदा शिरावयाचे, निवृत्तीपर्यंत तेथेच राहावयाचे आणि सेवाज्येष्ठतेने पगार व पद वाढत जावयाचे, ही व्यवस्था लोकसंख्या वाढत होती तोवर सर्वांना सुखाची होती. तळ रुंद होता, म्हणून शिखरावर चढणाऱ्यांना हाताखाली माणसे मिळत. १९९० च्या दशकात दानकाई पिढी चाळिशी-पन्नाशीत पोहोचली, भरभराटीचा फुगा फुटला आणि वरच्या जागा गच्च भरल्या. खालच्या पिढीला एकतर नोकरीच मिळेना, आणि मिळाली तर बढती मिळेना. १९९३ पासून सुमारे बारा वर्षांचा हा काळ तेथे ‘नोकऱ्यांचे हिमयुग’ म्हणून ओळखला जातो. सरकारी वित्तसंस्थेच्या पाहणीनुसार १९९१ साली नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याचे सरासरी वय एकोणचाळिसाच्या आत होते; अलीकडे ते त्रेचाळिसाच्या पुढे सरकले आहे.

काझुओ इनामोरी यांच्या चरित्रात ही सारी वाटचाल एका माणसापुरती पाहावयास मिळते. १९५९ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी क्योतोमध्ये चिनीमातीच्या औद्योगिक वस्तूंचा कारखाना काढला. १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, दूरध्वनीच्या क्षेत्रातील सरकारी मक्तेदारी उठू लागताच नवी दूरध्वनी कंपनी उभी केली. आणि २०१० साली जपानची राष्ट्रीय विमान कंपनी दिवाळ्यात निघाली, तेव्हा सरकारने तिच्या अध्यक्षपदासाठी धाव घेतली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या याच इनामोरींकडे. त्यांनी ती सावरली आणि २०१२ साली ती पुन्हा शेअर बाजारात आली. वृद्धांना काही करता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. परंतु साडेबारा कोटींच्या देशाला हे काम सोपवण्यास पन्नाशीतला माणूस दिसू नये, यातून दुसराही अर्थ निघतो.

अर्थात वयोरचनेलाच सर्वस्व मानणे चूक ठरेल. आफ्रिकेतील नायजर देशाची जवळजवळ निम्मी प्रजा पंधरा वर्षांच्या आतील आहे. म्हणून तेथे उद्योगांची भरभराट झालेली नाही. नोकरीच नाही म्हणून चहाची टपरी टाकणारा तरुण आणि नोकरी सोडून कारखाना काढणारा तरुण, दोघेही खानेसुमारीत स्वयंरोजगारी म्हणूनच गणले जातात. पण एकाला परिस्थितीने ढकललेले असते आणि दुसऱ्याला संधीने बोलावलेले असते. शाळा, वीज, कर्ज आणि कायदा यांच्याविना तारुण्य हे नुसते मनुष्यबळ राहते. उलट, प्रगत देशांतही घसरण आहेच. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या कंपन्यांचे प्रमाण उतरत गेले. तेथील काही अर्थशास्त्रज्ञांच्या मते याचा मोठा भाग केवळ काम करणाऱ्यांच्या संख्येची वाढ मंदावल्यामुळे घडला. दरवर्षी नोकरीच्या बाजारात नवे हात येतात, तेव्हा जुन्या कंपन्या त्या सर्वांना सामावून घेऊ शकत नाहीत. उरलेल्यांच्या बळावर नव्या कंपन्या उभ्या राहतात. हातच येईनासे झाले, की नव्या कंपनीला माणूस मिळवण्यासाठी जुनीशी झुंजावे लागते आणि त्या झुंजीत जुनी बहुधा जिंकते.

जपानच्या कायद्यांनीही या दुखण्यात भर घातली. २००६ पर्यंत भागभांडवली कंपनी काढण्यास सर्वसाधारणपणे किमान एक कोटी येन भांडवल लागत असे. ती अट गेली. परंतु बँकेचे कर्ज घेताना मालकाने स्वतःच्या घरादारासह जामीन राहण्याची प्रथा २०१४ साली नवी मार्गदर्शक तत्त्वे येऊनही पुरती गेलेली नाही. कंपनी बुडाली की घरही बुडते. पंचविशीत हा धोका पत्करणारा निघतो, पंचेचाळिशीत मुलांच्या शाळेची फी आणि आईवडिलांचे आजारपण समोर असताना तो कोण पत्करणार? म्हातारपणीच्या भीतीने मुलगा वडिलांचा चालता धंदा घेत नाही, त्यामागेही हा जामीनच उभा असतो. आणि मतदारांत वृद्धांचे प्राबल्य असल्याने राज्यकर्त्यांचे लक्ष निवृत्तिवेतन आणि औषधोपचार यांकडे अधिक, असा एक आक्षेप तेथे घेतला जातो. त्याला ‘रुपेरी लोकशाही’ असे मार्मिक नावही मिळाले आहे.

उपाय चालू नाहीत असे नाही. घराण्यात कर्ता पुरुष नसेल तर जावयालाच दत्तक घ्यावयाचे, ही जपानची जुनी तोड आहे. ज्या सुझुकी कंपनीने १९८२ साली भारत सरकारशी करार करून १९८३ अखेर मारुती रस्त्यावर आणली, तिचे दीर्घकाळचे प्रमुख ओसामू सुझुकी हे मूळचे मात्सुदा. लग्नानंतर त्यांनी पत्नीच्या घराण्याचे नाव घेतले. मराठी संस्थानांच्या इतिहासात दत्तकाने गाद्या चालल्या; जपानात कारखाने चालले. आता प्रत्येक प्रांतात सरकारी केंद्रे आहेत, जी वारस नसलेल्या मालकाची आणि दुकान शोधणाऱ्या परक्याची गाठ घालून देतात. एक प्रकारची वधुवर सूचक मंडळेच ती. २०२२ साली सरकारने नव्या उद्योगांतील वार्षिक गुंतवणूक पाच वर्षांत दहा लाख कोटी येनपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला. पैसा निघेल, पण तो घेणारा तिशीतला माणूस पैशाने निर्माण होत नाही. २०२४ साली जपानमध्ये सात लाखांहून कमी मुले जन्मली. त्याच वर्षी तेथील एका मोठ्या कागद कंपनीने देशात लहान मुलांची लंगोटी बनवणे थांबवले आणि प्रौढांच्या लंगोटीवर लक्ष केंद्रित केले. म्हाताऱ्यांच्याही गरजा असतात आणि त्या भागवणे हाही उद्योगच आहे. परंतु त्या बाजारातील मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकारी विमा योजना, आणि दर ठरवणारी तीच.

राहता राहिली बाहेरची माणसे. येथे जपानचे धोरण आपल्याच पायांत पाय अडकवणारे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या देशाने परकीयांना व्यवसाय चालवण्यासाठी मिळणाऱ्या परवान्याची भांडवलाची अट पन्नास लाख येनवरून एकदम तीन कोटी येनवर नेली. या परवान्याचा गैरवापर होत होता, हे कारण खोटे नाही. पण लहान उपाहारगृह किंवा मसाल्याचे दुकान काढणारा प्रामाणिक परदेशीही त्यात बाहेर फेकला जातो. आणि आजवर अनेक धंद्यांची सुरुवात अशाच दुकानांतून झालेली आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. भारताचे मध्यवय अजून तिशीच्या आत आहे. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीला सरासरी १.७ मुले होत असल्याचे आढळले आणि गोव्यात तर १.३, म्हणजे जपानच्या फारसे पुढे नाही. ‘तरुणांचा देश’ हे बिरुद कायमचे नव्हे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, आज जे तरुण आहेत ते विशी-तिशीत काय शिकत आहेत हा. पुण्याच्या अभ्यासिकांतून हजारो पदवीधर मोजक्या सरकारी जागांच्या परीक्षांसाठी वयाची पाच-सात वर्षे घालवतात. त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण या वर्षांत त्यांच्या हाताखाली एकही माणूस काम करीत नाही, त्यांनी एकही सौदा केलेला नसतो, एकही हिशेब चुकवून सावरलेला नसतो. जपानमध्ये जी रांग म्हाताऱ्या समाजाने लावली, ती आपल्याकडे समाज तरुण असतानाच लागली आहे. राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्नावरून साठ करण्याची मागणी होते, तेव्हा तिजोरीवरील भाराची चर्चा होते. खालच्या पायरीवरच्या माणसाची दोन वर्षे कोणाच्या हिशेबात धरली जातात, हे क्वचितच विचारले जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. नांगर घ्यायला प्रारंभी शेतकरी धजावेना. बेळगावची जागाही सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.